चांदणी लावलेला टाका

माझी बायको माघात गेली. त्याआधी कार्तिकात तिनं बियाण्याचं पोतं शिवून ठेवलं होतं. ते पोतं मला उघडायचं नव्हतं, आणि उघडल्यावाचून चालणारही नव्हतं. सगळं दुखणं एवढंच.

आमचं भात आंबेमोहर. गावात आता सगळे दुकानातून इंद्रायणीची पिशवी आणतात, फाडतात आणि पेरतात. आमच्या घरात तिनं जुनं बी धरून ठेवलं होतं. झोडणीच्या वेळी चांगल्या लोंब्या बाजूला काढायची, वाळवायची, निरगुडीचा पाला घालून तागाच्या पोत्यात भरायची, आणि दाभण-सुतळी घेऊन पोत्याचं तोंड शिवून टाकायची. हे बी एक वरीस टिकतं. दुसऱ्या वर्षाला निम्मं मरतं. त्याच्यापुढं कोंबड्यांना घाला. म्हणजे मिरगाच्या आधी पोतं उघडायला पाहिजे, नाहीतर तिचं बी तिच्या मागोमाग गेलं म्हणायचं.

उघडायला काय, लोक विळा लावतात, सुतळी कापतात, मोकळे होतात. हिनं आयुष्यात कधी सुतळी कापली नाही. हिचा टाका साखळीचा. एका टाक्याच्या फासातनं दुसरा टाका काढलेला, दुसऱ्यातनं तिसरा. दोन्ही कोपऱ्यांना पोत्याचे कान काढायची, उचलताना धरायला बरे. आणि शेवटचं टोक एका कानात दडवून ठेवायची. ते टोक हुडकून फासातनं सोडवलं आणि ओढलं की सगळी शिवण सरसर निघून यायची, सुतळी अख्खीच्या अख्खी हातात. भलतं टोक ओढलं की गाठ अशी आवळायची की दातानंही सुटू नये.

एकदा मी विचारलं, "कंच्या कानात दडवतीस गं?"

"तुमाला कशाला पायजे? भात इकून बिड्या वडाय?"

मी बिडी ओढत नाही. तंबाखू खातो. ते तिला माहीत होतं, म्हणूनच म्हणाली आणि हसत बसली.

ती गेल्यावर मी ते पोतं मधल्या घरात घडवंचीवर ठेवलं. शिवणीकडं न बघताच त्याच्यावर तिचं लुगडं टाकलं, पार खालपर्यंत, आणि घरात सांगून टाकलं की कुणी हात लावायचा नाही. तिची भांडी सून वापरते. तिचं अंथरूण पाहुण्याला दिलं. चपला कुणी नेल्या कळलंही नाही. तिच्या हातची अशी ही एकच गोष्ट राहिली होती की जी तिनं बंद केली आणि कुणी उघडली नाही. तिच्या हाताचा शेवटचा फास अजून तसाच बसलेला आहे, हे मनात असलं की मला दोन घास जायचे. ह्याला वेडेपणा म्हणा. लोकांनी म्हटलंच.

चैत्र गेला. सून म्हणाली, "मामंजी, पोतं उनात टाकू का? किडं पडतील."

"ऱ्हाऊ दे."

पोरगा म्हणाला, "आबा, रोपाच्या जागंचा राब भाजून झालाय. म्या सरळ इंद्रायणी आनतो. तुमी ते पोतं मांडीवर घिऊन बसा."

बोलला ते रागानं, पण खोटं नव्हतं.

वैशाखात नात आली. शिवऱ्याला दिलेल्या माझ्या लेकीची ही लेक. पुण्यात संस्कृत शिकली आणि तिथनं जर्मनीला गेली, अजून शिकतीच आहे. आजीच्या मातीला तिला पोचता आलं नाही. आली ती थेट त्या लुगड्यापाशी जाऊन बसली. मी हटकलं नाही. लुगडं तिनं उचललंही नाही, नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पडवीत चहा घेताना मी विचारलं, "तू तिकडं करतीस तरी काय गं? तुज्या आयला इचारलं तर ती म्हनती, मला न्हाई समजत."

"एक शब्द शोधतेय, आबा."

"हरावलाय?"

"हरवला म्हणजे, कुणी लिहूनच ठेवला नव्हता." तिनं कप खाली ठेवला. "जर्मन, इंग्रज, स्वीडनवाले, ह्या सगळ्यांचे वाडवडील दोन हजार वर्षांच्याही आधी एक भाषा बोलायचे. त्यांना लिहिणं नव्हतं. त्या भाषेत शिवण्याला काय म्हणत होते, ते मी काढतेय."

"कपडं शिवाय?"

"कपडे, कातडं, काहीही. सिव्यनं म्हणत असतील, असं निघतं."

"असतील? म्हंजी ठावं न्हाई."

"ऐकलेलं कुणीच नाही. म्हणून तो लिहिताना सुरुवातीला एक चांदणी काढतात. चांदणी दिसली की समजायचं, हा शब्द कुठल्या कागदावर नाही, दगडावर नाही. लेकींवरून काढलेला आहे."

लेकींवरून म्हणजे कसं, ते तिनं मला समजेल असं सांगितलं. मी चौथी शिकलेलो. जेवढं टिकलं तेवढं सांगतो. त्या भाषेच्या पुढं वेगवेगळ्या लेकी झाल्या. एकीनं सिउयान असं लिहून ठेवलं, एकीनं सिवियन, उत्तरेकडच्या एकीनं सूया. लेकींमध्ये जे सारखं, ते आईकडचं धरायचं. जिथं एखादी वेगळी पडते, तिथं ती का वेगळी पडली ह्याचं कारण हुडकायचं. ती स्वतः बदलली असेल, नाहीतर शेजारणीचं उचललं असेल. ते उचललेलं बाजूला काढायचं. उरेल त्यावर चांदणी काढायची.

"आणि आपलं शिवणं?" मी म्हटलं. "ते त्येंच्यातनं आलं का त्येंचं आपल्यातनं?"

"कुणाचंच कुणातनं नाही. त्याच्याही मागं एक घर होतं, तिथनं दोघांकडं आलं. आपण चुलत."

"आन आता ती लोकं काय म्हनत्यात?"

"इंग्रजांकडे आहे अजून, घासून घासून बारीक झालाय, सो म्हणतात. स्वीडनकडे स्यू. जर्मनांकडे मेला."

"मेला म्हंजी?"

"जुन्या पोथ्यांत आहे. मग बोलायचा बंद झाला. शिवणं चालूच राहिलं, त्याला दुसरा शब्द घेतला. कपड्याचा काठ दुमडतात ना, त्याचं नाव तेवढं त्या घराण्यातलं राहिलंय."

मला हे काही केल्या विसरेना. शिवणारे हात असताना शब्द मेला. माझ्या घरात उलटं होतं. शब्द सगळ्यांच्या तोंडात आणि शिवणारी मेली. कुठलं बरं, ते मला ठरवता येईना. दोन्ही वाईटच.

मग मीच म्हणालो, "मंग हिचा टाका काढून दे मला. तिची लेक हाय, भन हाय. बघ काय निघतंय ते. टोक कुठं हाय कळलं तर म्या पोतं उसवीन. कापनार न्हाई."

ती म्हणाली, "आबा, लुगडं उचलून शिवण बघितली तर सरळ कळेल की."

"न्हाई. ज्या दिवशी उसवायचं त्याच दिवशी लुगडं उचलायचं. मदी मदी उघडून बघाया ते काय दुकान हाय?"

तिनं हट्ट धरला नाही.

रिकामं पोतं, दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन आम्ही एसटीनं शिवऱ्याला गेलो. जावयाची हायवेला रसवंती आहे. दिवसभर मोठ्या गाड्या जातात आणि घरातली भांडी थरथरतात. तिथं तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो. लेकीनं लग्नानंतर सुरुवातीला दाभण धरलं असेल तेवढंच. तिनं पोतं पायात धरलं आणि म्हणाली, "आबा, तुमी तिला आनाय पायजे होतं, दाभन काय आनलंय?" आणि रडायला लागली. रडता रडताच शिवायला लागली.

ती डाव्या कोपऱ्यापासून निघाली. नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई डावरी आहे. आजी उजव्या हाताची. म्हणजे हे उलटं धरायचं." कानाला लेकीनं सुतळीचे दोन वेढे दिले. नातीनं विचारलं, "हे दोन वेढे आजीचे?"

"न्हाई गं. ते सासूबाईंचं. त्येंच्याकडं कांद्याची पोती भरायची, जड. एका वेढ्यानं कान फाटायचा. त्येंनी मला वरडून वरडून शिकीवलं."

"मग हे शेजारणीचं. बाजूला काढू."

"सासूला शेजारीन म्हनतीस व्हय? ऐकल्या असत्या तर पोत्यात घालून शिवली असती तुला."

त्या दिवसात आमच्यात कुणी हसलं असेल तर ते तेवढंच.

नंतर पासलीला गेलो. ते बायकोचं माहेर. एसटी घाट चढायला लागली की मला दर वेळी वाटायचं, ही खिडकीपाशी बसणार आणि डोंगरांची नावं सांगणार. मला ती नावं पाठ होती तरी ती सांगायची. ह्या वेळी खिडकीपाशी नात होती. ती बाहेर बघत होती आणि तिला नावं येत नव्हती. मीही सांगितली नाहीत.

मेहुणी अंगणात भात कांडायच्या गिरणीवरनं आलेला कोंडा पाखडत होती. आमचं काम ऐकून सूप खाली ठेवलं.

"दाजी, आक्का असताना कवा तिच्या टाक्याकडं बघितलं न्हाई, आन आता गाडीभाडं घालून पुसाया आलाय व्हय?"

"बघितलं न्हाई म्हनूनच आलोय."

"आन ही पोरगी? जर्मनीत पोती शिवाय शिकीवत्यात?"

"शिकवत नाहीत, मावशीआजी. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मंग बस खाली. मोप शिकलीस. आता जरा बूड टेकून शीक."

तोंडानं अशी, पण पोतं हातात घेतल्यावर मऊ झाली. आईनं दोघी बहिणींना एकाच पोत्याच्या दोन बाजूंना बसवून शिकवलं होतं, म्हणाली. उजव्या कोपऱ्यापासून निघाली. कानाला एक वेढा. मग साखळी, फासातनं फास, हात चालतोय तो दिसूही नये असा. डाव्या कानापाशी आल्यावर टोक आतल्या अंगाला वळवून कानाच्या घडीत खुपसलं. नातीच्या चेहऱ्यावर मला उजेड दिसला. डावरेपणा उलटा केला, सासूचा वेढा काढला, की लेकीचा आणि बहिणीचा टाका एकच निघत होता.

निघताना मेहुणीनं मला बाजूला घेतलं. "दाजी, पोतं उघडा. बी पेरा. आक्काला बी कुजलेलं आवडायचं न्हाई." मी मान हलवली. मला जे आवडत होतं ते ह्या जगातनं उठलं होतं, आणि बाकी कुणाला काय आवडतं ह्याचं मला देणंघेणं उरलं नव्हतं. पण तिला ते कशाला बोलायचं. तिचीही बहीणच गेली होती.

घरी येऊन नातीनं पडवीत दुसरं पोतं घेतलं आणि दोघींचं मिळून जे निघालं होतं तसं त्याचं तोंड शिवलं. उजवीकडनं सुरुवात, एक वेढा, साखळी, डाव्या कानात टोक. शिवून झाल्यावर चुलीतला कोळसा घेतला आणि पोत्यावर वरच्या अंगाला एक चांदणी काढली.

"घ्या आबा. आजीचा टाका."

मला मोतीबिंदू आहे. बारीक काही असलं की मी बोटांनी बघतो. शिवणीवरनं बोट फिरवलं. तीच. भातखाचरात राबून दमून यायचो आणि अशा पोत्याला टेकून बसायचो तेव्हा पाठीला लागायची तीच साखळी. डाव्या कानातलं टोक हुडकलं, सोडवलं, ओढलं. सरसर सगळी निघाली. त्या आवाजाबरोबर ती पडवीत आहे असं वाटलं. मी तिला पुन्हा शिवायला लावलं, पुन्हा ओढलं. नातीच्या बोटांना दाभणानं फोड आले तरी मी थांबवलं नाही. चार महिन्यांत मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

म्हणालो, "उद्या सकाळी पोतं उसवू."

सकाळी उन्हं दारात आल्यावर पोरानं आणि नातीनं मिळून पोतं घडवंचीवरनं उतरवलं आणि ओसरीवर आणलं. सून हात पुसत आली. मी लुगडं उचललं. नीट घडी घातली. मग डाव्या कानाला हात घातला.

कान नव्हताच. कोपरा नुसता मुरगाळून आत दाबलेला होता.

उजवीकडं गेलो. तिथं कान होता, एक वेढा होता, आणि वीतभर साखळी होती. तिचीच. मग साखळी तुटली होती. पुढं साधे टाके, वरनं खाली, वरनं खाली, एक जवळ एक लांब, एखादा पोत्याच्या एकाच पदरातनं गेलेला. मग सुतळीही सोडून दिली होती. तिथनं पुढं कपड्याची पट्टी ओवली होती आणि तिला गाठीवर गाठी मारल्या होत्या. सुतळी बोटांना सोसली नसेल. कार्तिकात तिची बोटं सुजलेली असायची, सांध्यात वाकायची नाहीत. त्या दिवशी मी आणि पोरगा खळ्यावर पेंढा रचत होतो. संध्याकाळी आलो तर पोतं शिवून कोपऱ्यात उभं होतं आणि ती भाकरी थापत होती. काही बोलली नाही. ती असलं बोलायची नाही.

नातीनं खाली वाकून सगळी शिवण बघितली. म्हणाली, "आबा, टाका बरोबर निघाला होता. सुरुवात बघा, तशीच आहे."

"सुरवात."

"चांदणीवालं असंच असतं. लेकींवरनं जी आई निघते, ती अशी एका दिवशी, एका जागी कुणी असतेच असं नाही. सगळं धडधाकट जोडून घेतलेलं असतं. खरं बोलणारं माणूस आजारी असतं, म्हातारं असतं, अडखळतं. ते नाही निघत त्यात."

"मंग काल मला कुनाची बायकू दावलीस?"

पोरीनं चूक काही केली नव्हती. जे मागितलं ते काढून दिलं. मी मागितलं होतं ते धडधाकट बाईचं होतं. पोत्यावर होती ती मरायला लागलेली. चार महिने मी ज्या फासावर जीव लावून बसलो होतो, तो फास तिनं घातलेलाच नव्हता. आणि जे तिनं खरोखर केलं होतं, एकेक गाठ, कळ काढून, ते मला दिसलं तेव्हा मी तिच्यासारखं काहीच ओढून मोकळं करू शकत नव्हतो. साखळी असती तर सुटली असती. गाठींना कापण्याशिवाय वाट नाही.

पोरानं विळा पुढं केला. म्हणाला, "आबा, म्या करू?"

मीच कापलं. एकेक गाठ कापली. सून पदर तोंडाला लावून आत गेली.

आत बी चांगलं होतं. निरगुडीचा पाला वाळून भुगा झाला होता, कीड नव्हती. बोटं वाकत नसताना ते मात्र तिनं जसंच्या तसं केलं होतं. सुनेनं मिठाच्या पाण्यात घातलं, वर आलेलं पोचट काढून टाकलं, खाली बसलेलं धुऊन सावलीत सुकवलं. पोरानं इंद्रायणी आणली नाही. राबावर हेच पेरलं. नात परत गेली तेव्हा कोंब यायचे होते. फोनवर रोज विचारायची, "आलं का?" एके दिवशी म्हणालो, "आलं." तिकडं ती रडत असावी. मी फोन सुनेकडं दिला.

रोप दाट आलं. लोक बांधावरनं जाताना म्हणायचे, "म्हातारीचं बी उगावलं की!" मला ते ऐकवायचं नाही. भात उगवतं. भाताला काय, पाणी आणि माती मिळाली की ते उगवतं. त्याच्यात कोण परत येत नाही. ज्यांना येतं असं वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. रोपं लावायची आवणी झाली, तण काढायची बेणणी झाली, मी बांधावर बसून राहिलो. लोंब्या आल्या तेव्हा आंबेमोहराचा वास गावभर सुटला. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

परवा झोडणी झाली. सुनेनं चांगल्या लोंब्या बाजूला काढल्या, वाळवल्या, पाला घातला. सगळं सासूसारखं. मग पोतं भरून माझ्यापुढं आणून उभं केलं आणि दाभण हातात घेऊन थांबली. तिला साखळी येते. नातीकडनं उन्हाळ्यातच शिकून घेतली होती.

"मामंजी, कसं शिवू?"

मला दोन टाके माहीत होते. एक कुणाच्याच हातचा नव्हता, आणि दुसरा मला बघवत नव्हता.

"शिवू नगं," मी म्हणालो. "बांधून टाक."

तिनं दाभण खाली ठेवलं. पोराला हाक मारली. त्यानं पोत्याचं तोंड मुठीत गोळा केलं, नायलॉनच्या दोरीनं आवळलं आणि पोतं उचलून आत नेलं.